मागच्या खोलीतलं लग्न

दाराची कडी बाहेरून निघाली तेव्हा हिरूला वाटलं, आई पेज घेऊन आली. तिने उशीवरची मान वळवली... आणि दारात एक अनोळखी तरुण उभा. खांद्यावर वायरचं भेंडोळं, हातात पक्कड, कपाळावर घाम.

"मीटर इकडं हाय ना?" तो म्हणाला. मग त्याला खाट दिसली. खाटेवरची ती दिसली.

हिरूने पटकन पदर तोंडावर ओढला. "मीटर ओटीवर हाय. दार लावा. आन् मला पाहिलंत असं कुणाला बोलू नका."

तो गेला नाही. जरा गोंधळून म्हणाला, "पण मला तर सांगितलं, मोठी मुलगी लग्नाला नाय, मामाकडं पेणला गेलीय—"

"मग मी पेणलाच हाय."

 मग त्याला हसू आवरेना. "पेण बरंच जवळ आलं की!"

किती महिन्यांनी तिच्याशी कुणी असं बोललं होतं! आजारी माणसाशी बोलतात तसं नव्हे. नुसतं, उगाच... बोलतात तसं. पदराआड हिरूचे ओठ हलले. नेमकी तेव्हाच खोकल्याची उबळ आली. ती भिंतीकडे वळली. उबळ ओसरल्यावर बघते तर दार लोटलेलं होतं. कडी मात्र त्याने घातली नव्हती.

सत्याऐंशी सालचा वैशाख होता तो. दहिवलीच्या त्या घरात लग्नाची घाई उडाली होती. हिरूचे वडील नागू यांच्या धाकट्या मुलीचं, जनीचं लग्न. नवरामुलगा खालापूरचा गजा, खोपोलीला कारखान्यात नोकरीला. आणि साऱ्या गावाला ठाऊक होतं की गेल्या दिवाळीत ह्याच गजाशी सुपारी फुटली होती ती हिरूची.

पौषात हिरूला बारीक ताप यायला लागला. मग खोकला, मग एके सकाळी थुंकीत रक्त. कर्जतच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, टीबी आहे, पण औषध आहे. वर्षभर सुया-गोळ्या चुकवू नका, पोर खणखणीत बरी होईल. खालापूरला पोचला तो ह्यातला पहिला शब्द तेवढा. गजाची आई गौराबाई आली, ओटीवर बसली आणि पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा न लावता म्हणाली, "सोयरीक मोडायची आमाला पण हौस नाय. धाकटी हाय ना? मग धाकटी द्या. पण येक सांगते, मोठी घरात असंल तर आमचं येक मानूस तुमच्या पानावर बसणार नाय."

नागूने मान खाली घातली आणि हलवली. जनीला कुणी विचारलं नाही. हिरूला तर नाहीच नाही.

तिला पेणला धाडलं. मामीने दारातूनच परत लावलं. मग घरच्यांनी तिला गुपचूप मागच्या पडवीतल्या खोलीत, भाताच्या कणगीशेजारी ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. गावात सांगितलं, हिरू मामाकडे सुखात आहे. तिला दवाखान्यात न्यायचं तेसुद्धा पहाटे, डोक्यावरून चादर घेऊन.

तो तरुण दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. ह्या वेळी दारावर टकटक केली.

त्याचं नाव कान्हा. भिवपुरीचा. वडील तिथल्या वीजघरात कामाला, तो क्वार्टर्समध्ये वाढलेला. कर्जत स्टेशनजवळच्या एका दुकानात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करी आणि लग्नसराईत मालकाचा कॅमेरा खांद्यावर घेऊन व्हिडिओ शूटिंग करी. हे सगळं त्याने उंबऱ्यावर उभ्या उभ्या, न विचारताच सांगून टाकलं. मग म्हणाला, "लगीन बघायचंय तुमाला?"

"बघून काय करू?"

"ते मला काय ठाव? बघायचंय काय, तेवढं बोला."

हिरूने पदराचा काठ बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "जनीला बघायचंय."

"मग ठरलं."

"काय ठरलं? कॅसेट आणाल नंतर, तवर ती गेलेली असंल. मला ती पाटावर उभी असताना बघायचीय. आन् इकडं वायर आणलीत तर वायरीमागनं सगळी वऱ्हाडी येतील."

"वायर नायच लागत." त्याने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्याच्या डोक्यावर जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल बसवलेली. "मी बनवलाय. कॅमेऱ्यातलं चित्र ओटीवरच्या व्हीसीआरमध्ये जातं, तिथनं ह्याच्यात. आन् ह्यो ते हवेत सोडतो. घरातल्या घरात. मधी भिंत असू दे, दार असू दे, कडी असू दे... त्याला काय फरक पडत नाय."

"हवेतनं? चित्र?"

"हवेतनं."

"खोटं."

"आकाशवाणी काय वायरीनं येते घरात?"

 ती म्हणाली, "हवेतनं माझा खोकला पण येईल मग तुमच्याकडं. लांब उभं ऱ्हावा."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"आता माझ्यापासनं कुणाला होत नाय म्हणतात. पण घरात कोण मानत नाय."

"मी मानतो," कान्हा म्हणाला, आणि सरळ आत येऊन कणगीला टेकून बसला. इतक्या सहज, की हिरूला एकदम काहीच दिसेनासं झालं. डोळे भरून आले होते.

तेवढ्यात आनंदीबाई, हिरूची आई, पेजेचा वाडगा घेऊन दारात आली. परका तरुण बघून तिने वाडगा उंबऱ्यावरच ठेवला. कान्हा ताडकन उठला. दोघांनी मिळून डब्याचं आणि टीव्हीचं अर्धवट काहीतरी सांगितलं. आनंदीबाईने डब्याकडे पाहिलं, लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर आज काहीतरी होतं, जे तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ह्यांना कळलं तर मला उभी चिरतील," ती पुटपुटली. मग म्हणाली, "आवाज बारीक ठेवायचा. आन् तो टीव्ही मी आणीन आत. तू नको आणू."

हळदीच्या दिवशी पत्रावळ्यांच्या टोपलीखालून एक छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मागच्या खोलीत आला. दुकानात कुणीतरी दुरुस्तीला टाकून कधीच परत न नेलेला. कान्हाने बल्बच्या होल्डरमधून त्याला वीज दिली. बटण फिरवलं. पडदाभर नुसत्या मुंग्या. तो म्हणाला, "दुपारी दूरदर्शन बंद असतं, तो चॅनल मोकळा. तिथंच सोडतो आपलं. बघत ऱ्हावा," आणि निघून गेला.

हिरू मुंग्या बघत बसली. पांढऱ्या, काळ्या, भिरभिरणाऱ्या, सूं सूं करणाऱ्या. आणि मग... त्या एकदम विरघळल्या आणि पडद्यावर फणसाचं झाड उभं राहिलं.

त्यांचं झाड! परसातलं. बुंध्याला लगडलेले फणस. हिरू खाटेवरून उतरून जमिनीवर बसली, पडद्याच्या अगदी पुढ्यात. चित्र हललं. गोठा दिसला, गोठ्यातलं नवं वासरू दिसलं, ज्याचं हंबरणं ती महिनाभर नुसती ऐकत होती. मांडवाचे आंब्याचे टहाळे. नदीकडे उतरणारी वाट. आणि पाटावर बसलेली, गालांना हळद लागलेली जनी. ती हसत नव्हती. बायका गात होत्या आणि ती आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होती.

चित्र पुन्हा परसात आलं, गर्रकन फिरलं आणि पडदाभर कान्हाचा चेहरा. इतक्या जवळ, की भुवईवरचा जुना व्रण दिसावा. इकडेतिकडे बघत तो अगदी हळू म्हणाला, "हॅलो... पेण? पेणला दिसतंय काय?"

हिरूने मान हलवली. मग तिला आठवलं, त्याला कसं दिसणार!

"दिसत असंल तर खिडकीतनं हात काढा."

तिने खिडकीच्या गजांमधून हात बाहेर घातला. मान वळवून पडद्याकडे पाहिलं. काळ्या भिंतीत एक खिडकी, आणि खिडकीतून आलेला एक हात. तिला आधी वाटलं, हा कुणाचा? इतका वाळलेला, मनगटावर बांगड्या कोपरापर्यंत घसरणाऱ्या. मग तिने बोटं हलवली आणि पडद्यावरची बोटं हलली. ती हात मागे घेणार होती. पण कॅमेरा तिथेच थांबला होता. घाईने वळला नाही, दचकला नाही. फुलाकडे बघत राहावं तसा त्या हाताकडे बघत राहिला. हिरूने हात काढून घेतला नाही.

लग्नाचा मुहूर्त दुपारचा. वरात आली, ताशे वाजले, आणि बाहेरून कडी लागलेल्या त्या खोलीत हिरूने स्वतःच्या बहिणीचं लग्न बघायला सुरुवात केली.

आवाज तिने बारीक ठेवला होता. कान्हा जेवढं दाखवी तेवढं ती पिऊन घेत होती. आई दिसली, चुलीमागे उभी राहून पदराने तोंड पुसताना. बाबा दिसले, एका पाहुण्याला हसून सांगत होते, "हिरू ना? मजेत हाय. मामा सोडतच नाय तिला." किती सहज बोलले! गजा दिसला. हिरूला भीती होती की त्याला बघून पोटात तुटेल. काही तुटलं नाही. बाशिंग बांधलेला तो एक कुणीतरी होता, जांभई दाबणारा.

मग पडद्याबाहेरून दोन बायकांचा आवाज आला. कॅमेऱ्याजवळच कुठेतरी बसल्या असाव्यात.

"मोठी काय टिकत नाय आता म्हनं."

"बरं झालं बाई, सुपारीवरच कळलं. लगीन लागून कळलं असतं तर?"

"धाकटी तर धाकटी. पोरगी ती पोरगी."

चित्र एकदम थरथरलं आणि वळलं. कान्हाने ऐकलं होतं. तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेला. हिरू गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बसून राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण नजर हलत नव्हती. अंतरपाट धरला होता. कॅमेरा जनीच्या चेहऱ्यावर स्थिर झाला. मंगलाष्टकं चालू होती आणि जनी रडत होती. बाकी कुणाला दिसत नव्हतं. मुंडावळ्या होत्या, मान खाली होती. पण कान्हाने कॅमेऱ्याची काच तिच्या चेहऱ्यावर आणली होती, आणि हिरूला तिचा ओठ दाताखाली दाबलेला दिसत होता. लहानपणी मार खाताना आवाज फुटू नये म्हणून दाबायची, तसा.

"जने..." हिरू पडद्याला हात लावून म्हणाली.

अक्षता पडल्या. ताशे कडाडले.

आणि मांडवाच्या तोंडाशी काठी टेकत धोंडूबाई आली. धोंडूबाई म्हणजे पलीकडच्या घरातली म्हातारी. गुडघे गेल्यामुळे लग्नाला आली नव्हती. ती दिवसभर टीव्ही लावून ठेवी. दूरदर्शन बंद असलं तरी नुसत्या मुंग्या चालू ठेवी, घरात कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून. तिच्या कौलांवर उंच अँटेना होती, तिला बूस्टर होता. कान्हाने घरातल्या घरात सोडलेलं चित्र त्या बूस्टरने ओढून घेतलं होतं.

"अगं बायांनो!" धोंडूबाई हर्षाने ओरडली. "नागूच्या पोरीचं लगीन माझ्या टीव्हीत लागलं! मुंबयवाल्यांनी दावलं गं!"

आधी हशा पिकला. मग वऱ्हाडातला एक जण पळत जाऊन बघून आला. खरंच दिसतंय म्हणाला. मग लोकांनी ओटीवर तो डबा बघितला. हिरूला पडद्यावर माणसं कॅमेऱ्याभोवती गोळा होताना दिसली. गौराबाई पुढे आली.

"आमच्या लग्नाचं गावाला कशापायी दावतोस रं?"

"गावाला नाय... टेस्टिंग चालू हाय, काकी." कान्हा म्हणाला.

 बंद कर, तिने स्वतःला सांगितलं, बंद कर! तिने घाईने बटणाला हात घातला. आणि बटण उलटं फिरलं.

मांडवात ताशे थांबले होते. सगळे गौराबाईकडे बघत होते. गौराबाईने विचारलं, "कुणासाठी लावलंस ह्ये?"

आणि मागच्या पडवीतून तिचाच आवाज मोठ्याने आला, "कुणासाठी लावलंस ह्ये?"

 पडद्यावर हिरूला गौराबाईचे डोळे दिसले. ते हळूहळू घराच्या मागच्या बाजूला वळले.

पावलं आली. कडी निघाली. दारात गौराबाई, तिच्यामागे चार बायका, त्यांच्यामागे पांढराफटक पडलेला नागू. गौराबाईने पदर नाकाला लावला.

हिरू उठून उभी राहिली. भिंतीचा आधार घेऊन म्हणाली, "मी इथंच होते. मामीनं ठेवून घेतलं नाय. औषध चालू हाय, माझ्यापासनं आता कुणाला होत नाय, डॉक्टरांना विचारा. जनीचा काय दोष नाय, काकी. तिला काय बोलू नका."

गौराबाई तिच्याशी बोललीच नाही. ती नागूला म्हणाली, "घरात टीबी ठेवून आमाला पानावर बसवणार व्हता." मग मागे वळून, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं, "अक्षता पडल्यात, पोर आमची झाली. पोर आमी नेतो. पण तिचं म्हायेर आजपास्नं संपलं. ती हिकडं येणार नाय आन् तुमच्यातलं कोण तिकडं दिसता कामा नये."

मांडवात एकच गलका झाला. नागूने कान्हाच्या थोबाडीत मारली, त्याचा आवाज हिरूला टीव्हीतूनही आला आणि बाहेरूनही. कान्हा म्हणत होता, "चूक माझी हाय. मला मारा, पण त्यांना थांबवा..." कुणी थांबलं नाही. ताटं वाढलेली तशीच राहिली.

दार सताड उघडं होतं. हिरूला बाहेर पळत जाऊन बहिणीला मिठी मारता आली असती. पण ती गेली नाही. आपण मांडवात गेलो तर जनीचं उरलंसुरलं पण जाईल, असं तिला वाटत होतं. ती पडद्याकडे बघत राहिली. कॅमेरा ओटीवर आडवा पडला होता आणि चालूच होता. त्यात फक्त पावलं दिसत होती, तिरकी, घाईने जाणारी. त्यात एक जोडी नव्या जोडव्यांची. ती पावलं एकदा थांबली, मागे वळली. कुणीतरी त्यांना पुढे ओढलं. मग नुसतं अंगण राहिलं.

त्या दिवसानंतर दाराला कडी लागली नाही. आता लपवायचं काय उरलं होतं? नागू हिरूशी बोलायचा बंद झाला. आनंदीबाई कामं करता करता मध्येच थांबे आणि कुठेतरी बघत राही. गावाने पाठ फिरवली. हिरू आता दवाखान्यात एकटी, उजेडात, चादर न घेता जाऊ लागली. दहिवलीहून नदीवरचा पूल ओलांडायचा, कर्जतला जायचं, सुई घ्यायची, परत यायचं.

आषाढात एकदा ती परत येत होती. उल्हास नदी पुलाखालून गढूळ, फुगलेली वाहत होती. कठड्याशी छत्री धरून कान्हा उभा होता. बराच उतरला होता. मालकाने त्याला काढून टाकलं होतं. आता भिसेगावात एका पानपट्टीशेजारी टेबल टाकून तो रेडिओ दुरुस्त करी.

"हिरू..."

"बोलू नको माझ्याशी." ती कधी 'तू'वर आली ते तिलाही कळलं नाही. "तुझ्या डब्यापायी माझी बहीण गेली."

"हो," तो म्हणाला.

तिला वाटलं होतं, तो आपली बाजू मांडेल. बूस्टरचं सांगेल. त्याने तिला वाट द्यायला छत्री बाजूला घेतली. ती निघून गेली. पुढच्या खेपेला तो पुन्हा तिथेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही. नुसता उभा असे. ती पुढे गेली की बऱ्याच अंतराने मागून चाले आणि दहिवलीची पहिली घरं दिसली की परत फिरे.

श्रावणात एके दिवशी ती थांबली आणि रागाने वळली. "का येतोस रं रोज?"

"मी येत नाय. मी पुलावर उभा हाय. पूल सरकारचा हाय."

"आन् मागनं चालतोस ते?"

"रस्ता पण सरकारचा हाय."

हिरूला हसू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच, आणि हसण्यापाठोपाठ खोकला. कान्हा धावत आला, छत्री तिच्या डोक्यावर धरली. स्वतः भिजत राहिला. खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "इतका जवळ नको येऊ."

"टीबीला भिऊन म्हणतेस... का मला?"

 ती छत्रीतून बाहेर गेली नाही.

मग ते बोलू लागले. आधी औषधांचं, मग रेडिओंचं, मग कशाचंही. तो गोळ्यांच्या रंगांवरून तिला चिडवी. ती त्याच्या भुवईवरच्या व्रणाबद्दल विचारी आणि तो दर वेळी नवीच गोष्ट रचून सांगे. कधी चालता चालता ती एकदम गप्प होई, आणि तो समजे की आता ती खालापूरला पोचली. तेव्हा तोही गप्प राही. तिच्या अंगावर मांस धरू लागलं. बांगड्या मनगटावरच राहू लागल्या. त्याने तिला लग्नाचं कधी विचारलं नाही. ओठांवर येई, आणि त्याला अंगणातून ओढून नेलेली जनी आठवे.

माघात डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, औषध बंद. बरी झालीस. त्याच सुमारास धोंडूबाईने बातमी आणली, जनीला मुलगा झाला. बाळंतपण सासरीच.

"मी जाते खालापूरला," हिरू कान्हाला म्हणाली.

"मी येतो."

"मार खाशील."

"सवय हाय."

एसटीने ते दोघं खालापूरला गेले. गौराबाईने अंगणातच अडवलं. हिरूने हातातली टोपडी-झबली पुढे केली. "काकी, मी बरी झालेय. औषध पण बंद झालं. लांबनं बघीन बाळाला नि जाईन."

"झाली असशील बरी. आमच्या दारात नाय." गौराबाईने झबलीही घेतली नाहीत. आत गजा दिसला. बाहेर न येता त्याने दार ओढून घेतलं.

ते घराच्या मागच्या गल्लीने निघाले. हिरूने झबली परत पिशवीत कोंबली. आणि परसाच्या कुंपणापलीकडून हाक आली, "ताई!"

जनी. मेंदीच्या कुंपणाआड, डोक्याला फडका बांधलेली, छातीशी एक गाठोडं. गाल आत गेलेले. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"किती बरी दिसतेस गं," जनी म्हणाली.

"आन् तू?"

"हाय मी." तिने गाठोड्यावरचा पदर सरकवला. झोपलेलं, लालसर, मुठी आवळलेलं बाळ. हिरूने कुंपणातून बोट घातलं आणि त्या मुठीला टेकवलं. जनीने मान वळवून मागे उभ्या कान्हाकडे पाहिलं. "त्यो डबा ह्यांनीच लावला व्हता?"

कान्हाने मान खाली घातली.

"ताई, त्या दिवशी मला कोण बोललं नाय की तू बघतेस. अंतरपाट धरला तवा... तुला दिसले मी?"

"दिसलीस."

"रडताना?"

"रडताना दिसलीस, जने. समदं दिसलं."

जनीचा ओठ दाताखाली गेला. मग सुटला. "बरं झालं," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणीच बघितलं नाय."

आतून गौराबाईची हाक आली. जनी घाईने मागे सरकली. "जा आता. मी ऱ्हाते हितं, माझी काळजी नको करू. पण माझ्यासाठी तू थांबून नको ऱ्हाऊ, ताई. ऐकलं का?" आणि ती वळून घरात गेली.

एसटीच्या थांब्यावर उन्हात दुसरं कुणी नव्हतं. हिरू दगडावर बसली होती. झबल्यांची पिशवी मांडीवर. कान्हा जरा लांब उभा होता.

"इकडं ये," ती म्हणाली. तो आला. "तुझ्यापायी माझी बहीण तुटली. हे मी मरेपर्यंत विसरणार नाय."

"ठाव हाय."

"आन् तुझ्यापायीच तिला कुणीतरी बघितलं. मला पण... त्या खोलीत मला कुणीतरी बघितलं. ते पण मी विसरणार नाय. दोन्ही राहील माझ्यात. चालंल तुला?"

 कान्हाने मान हलवली, एकदा, दोनदा.

"मग उद्या घरी ये. बाबा शिव्या देतील. ऐकून घे. मी बाजूला उभी असंन."

"आन् जनी?"

"जनीला मी सोडत नाय." हिरूने पिशवीची गाठ घट्ट केली. "दर महिन्याला येऊ. हाकलतील. परत येऊ."

"येऊ?" कान्हा हळूच म्हणाला.

हिरूने वर पाहिलं. डोळे अजून ओलेच होते, आणि तरी त्यांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"येऊ," ती म्हणाली.

वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. गाडी धूळ उडवत येऊन थांबली. आत मागच्या बाकावर जागा होती. दोघं शेजारी शेजारी बसली. गाडी हलली तेव्हा हिरूने झबल्यांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि खिडकीतून मागे, खालापूरकडे, दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.